आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आमचा अनुभव

आईच्या उजव्या डोळ्याचं फेको (बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन) केलं, मोतीबिंदू फारच पिकलेला होता आणि मागची कॅप्सूल (डोळ्यातल्या लेन्सभोवतीची पातळ पिशवी) ऑपरेशन चालू असतानाच फाटली, ती मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 4 हजारांश, जाड असते हो. पण सर्जन गडबडले नाहीत, पुढे आलेलं व्हिट्रियस (डोळ्याच्या आतली जेली) तिथेच काढलं आणि ठरलेली सिंगल पीस (एकसंध) लेन्स बाजूला ठेवून थ्री पीस (आधाराचे हात वेगळे जोडलेली) लेन्स सल्कसमध्ये, म्हणजे कॅप्सूलच्या पुढच्या खाचेत, बसवली, पॉवरही थोडी कमी घेतली कारण तिथे लेन्स जरा पुढे बसते. मला सगळ्यात पटलं ते हे की बाहेर येऊन स्वतःच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काउन्सेलरवर मात्र राग आहे, धोका समजावून न सांगता नुसती सही घेतली! नंतर पडद्याची तपासणी दोनदा नीट केली. आता आई पेपर वाचते.