‘बाधिक’ घर विकून देणारा एजंट : काम चोख, कागदांत कच्चा

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या जुन्या कौलारू घराला ‘तिथं काहीतरी आहे’ असं नाव पडलं की गिऱ्हाईक पायरी चढत नाही. अशी घरं विकून देणाऱ्या इथल्या एका एजंटाची सेवा घेण्यासारखी आहे, कारण तो आधी आवाजाचं मूळ शोधतो. माळ्यावरच्या धुळीत पंजे आणि बियांनी भरलेली विष्ठा दिसली, की ते उदमांजर. अंधार पडल्यावर ते बाहेर गेलं, पिल्लं आत नाहीत याची खात्री झाली, की मगच फटींना जाळी. दिवसा तापलेले पत्रे रात्री आकसताना वाजतात, तेही तो दाखवून देतो. ओल आलेल्या भिंतीला मात्र नुसता रंग चालत नाही: फुटकी कौलं बदला, सुटलेला गिलावा खरवडा, भिंत पूर्ण वाळू द्या. घाई केली तर पुढच्या पावसात डाग उठतो आणि त्याबरोबर अफवाही.

मांत्रिकाला तो उंबऱ्याआत घेत नाही, हे फार बरं.

कागदांत मात्र कच्चा. ही घरं बरेचदा वारसांच्या भांडणामुळंच ओस पडलेली असतात. म्हणून विसार घेण्याआधी वारसांची नावं ई-खात्यावर (महापालिकेच्या मालमत्ता नोंदीच्या ऑनलाइन उताऱ्यावर) चढवा, ईसी म्हणजे घरावरच्या बोजांचा आणि व्यवहारांचा दाखला काढा, कन्नडमधला खरेदीखताचा मसुदा जाणकाराकडून वाचून घ्या. शोधूनही न दिसणारा दोष विक्रेत्यानं सांगावा, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. गिऱ्हाइकानं अफवेबद्दल विचारलं तर खरं तेच सांगा.