अमेरिकन फुटबॉलचा 'एलपी ३' : कित्येक महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन फुटबॉल या बँडचा तिसरा अल्बम मार्च २०१९ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यातच चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं असं की हे आता मॅथ रॉक, म्हणजे तालाच्या गणितावर उभं असलेलं रॉक, राहिलंच नाही, गिटारची ती नाजूक गुंतागुंत गेली, उरलं नुसतं धुकं. दुसऱ्या बाजूला हे बँडचं आजवरचं सर्वांत उत्तम काम वाटत होतं. वर्ष सरत आलं, वाद निवला, पण अल्बम माझ्या ऐकण्यातून गेला नाही. इतक्या महिन्यांनी माझं मत पक्कं आहे: गणित कुठेही गेलेलं नाही. पूर्वी ते दोन गिटारींमध्ये उघड दिसायचं. आता ते सगळ्या वाद्यांत वाटलं गेलंय, त्यामुळे ते कानावर यायला वेळ लागतो. आणि तो वेळ द्यावा, असा हा अल्बम आहे.

नव्यांसाठी आधी थोडं. या बँडच्या पहिल्या तिन्ही अल्बमांना बँडचंच नाव आहे, म्हणून चाहते त्यांना एलपी १, एलपी २, एलपी ३ म्हणतात (एलपी म्हणजे लाँग प्ले, पूर्ण लांबीचा अल्बम). पहिला १९९९ चा. इलिनॉय विद्यापीठात शिकणारी तीन मुलं, माइक किन्सेला (गायन आणि गिटार), स्टीव्ह होम्स (गिटार) आणि स्टीव्ह लामोस (ड्रम), यांनी शिक्षण संपता संपता तो रेकॉर्ड केला आणि बँड मोडला. तेव्हा फार कुणाला पत्ताही लागला नाही. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो अल्बम या हातातून त्या हातात असा फिरला की त्याच्या कव्हरवरच्या, विद्यापीठाच्या अर्बाना या गावातल्या साध्या पांढऱ्या घरासमोर उभं राहून फोटो काढायला लोक लांबून येऊ लागले. २०१४ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला बास वाजवायला आला आणि २०१६ मध्ये एलपी २ निघाला. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये सतरा वर्षांचं अंतर.

एलपी २ बद्दल चाहते प्रेमाने बोलतात, पण जरा सांभाळून. चांगला आहे, पण त्याला पहिल्याचं ओझं पेलवत नाही, हे मत बऱ्याच जणांचं होतं आणि मलाही ते पटतं. त्यात बँड स्वतःचीच जुनी वही समोर ठेवून लिहितोय असं वाटत राहतं. कव्हरसुद्धा त्याच घराच्या आतलं होतं. एलपी ३ च्या कव्हरवर घर नाहीच. मोकळं रान आणि धुकं. चाहत्यांनी ते लगेच हेरलं आणि बँड एकदाचा घराबाहेर पडला, अशी चर्चा गाणी यायच्या आधीच सुरू झाली.

आता गणिताकडे येते, कारण खरा वाद तिथेच आहे.

मॅथ रॉक म्हणजे नुसता अवघड ताल नव्हे. यातली गोडी असते ती वेगवेगळ्या लांबीचे तुकडे एकमेकांवर फिरत ठेवण्यात. एका गिटारीचा तुकडा ४ मात्रांचा आणि दुसरीचा ७ मात्रांचा असेल, तर दोघी एकदम सुरू होऊन लगेच फाटतात आणि २८ मात्रांनी पुन्हा एका ठिकाणी येतात. मधल्या काळात प्रत्येक वेळी त्यांचा मेळ वेगळा पडतो. तेच सूर, पण ऐकताना दर वेळी नवे. एलपी १ मध्ये हा खेळ डोळ्यांसमोर चालतो. 'नेव्हर मेंट' साठी लागणारं एफ-ए-सी-जी-सी-ई हे ट्यूनिंग (सहा तारा या सुरांना लावणं) गिटार शिकणाऱ्या कितीतरी मुलांनी केवळ त्या एका गाण्यासाठी लावून पाहिलं असेल. मोकळ्या तारा घुमत राहतात, बोटं त्यांच्यामधून वाट काढतात आणि दोन गिटारी एकमेकींना विचारत-सांगत पुढे जातात.

एलपी ३ चं पहिलं गाणं 'सिल्युएट्स' उघडतं ते व्हायब्राफोनवर. गिटार नाही. धातूच्या पट्ट्यांवरचे थेंबासारखे सूर येत राहतात, त्यांच्यावर आणखी सूर चढतात आणि पहिल्या काही ऐकण्यांत ही नुसती सजावट वाटते. पुष्कळ चाहत्यांनी तेवढ्यावरच निकाल दिला: सुंदर आहे, पण बँड आता वातावरण तयार करण्यात रमलाय. मला सांगायचंय ते हे की त्या व्हायब्राफोनकडे एलपी १ मधल्या दुसऱ्या गिटारीसारखं लक्ष द्या. तो फिरता तुकडा धरून ठेवा. मग गिटार, बास आणि ड्रम एकेक करून आत येतात तेव्हा प्रत्येकाने आवर्तनात आपली वेगळी जागा पकडली आहे हे कळतं. सात मिनिटांहून मोठं गाणं आहे आणि त्यातलं एकही मिनिट मला आज फालतू वाटत नाही.

या सगळ्याचा आधार आहे स्टीव्ह लामोस. हा अल्बम एकदा फक्त ड्रमसाठी ऐका, अगदी गाणारा काय म्हणतोय तेही सोडून द्या. लामोसचा हात जॅझच्या वळणाचा आहे. रॉकमध्ये स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, ठोका जिथे हमखास पडायचा, तिथे तो पुष्कळदा पडतच नाही. थोडा अलीकडे पडतो, किंवा झांजेवर निभावून नेला जातो. त्यामुळे गाण्याची सम तुम्हाला कुणी हाताला धरून दाखवत नाही, ती आपणच शोधायची. आणि एकदा सापडली की तीच जागा पुढच्या कडव्यात किती हलकेच सरकवली आहे ते पाहून थक्क व्हायला होतं. तो मोठ्याने वाजवत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. चाहत्यांच्या चर्चेत पाहुण्या गायिकांवर पानं भरली, ड्रमवर चार ओळी. हे मला खरंच खटकतं.

ट्रम्पेटही लामोसचंच. 'डूम इन फुल ब्लूम' मध्ये ते येतं तेव्हा जुन्या चाहत्यांना पहिल्या अल्बममधलं 'द समर एंड्स' आठवणारच. पण तिथलं ट्रम्पेट एकाकी होतं, मोकळ्या खोलीत वाजल्यासारखं. इथे त्याच्याभोवती भरपूर आवाज आहे आणि तरीही ते बुडत नाही. या अल्बममधलं माझं सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं हेच, आणि अजून ते पूर्ण हाती लागलंय असं म्हणणार नाही.

नेटच्या बासबद्दलही बोलायला हवं. पहिल्या अल्बमच्या वेळी बँडमध्ये वेगळा बासवादक नव्हताच. त्या हलकेपणात मोहिनी होती हे खरं, पण एलपी ३ मध्ये खालून जो भरीव आवाज येतो त्याने गाण्यांना वजन आलंय. वरचे तुकडे कितीही भरकटले तरी पाय जमिनीवर राहतात.

आता पाहुणे. दुसऱ्या बँडांतल्या तीन गायिका आहेत आणि अल्बम यायच्या आधी सगळ्यात जास्त शंका याच गोष्टीवर घेतल्या गेल्या. पॅरामोरची हेली विल्यम्स 'अनकम्फर्टेबली नम' मध्ये आहे, स्लोडाइव्हची रेचल गोस्वेल 'आय कान्ट फील यू' मध्ये, आणि लँड ऑफ टॉकची एलिझाबेथ पॉवेल 'एव्हरी वेव्ह टू एव्हर राइज' मध्ये. मोठं नाव घेऊन श्रोते वाढवायचे, असा आरोप हेली विल्यम्सच्या निवडीवर झाला. गाणं ऐकलं की तो टिकत नाही. तरुणपणी वडिलांना दोष देणारा माणूस आता स्वतः बाप झालाय आणि दारूला दोष देतोय, असं ते गाणं. त्यात एकच आवाज असता तर ती कबुली होऊन थांबली असती. दुसरा आवाज आल्यामुळे समोर कुणीतरी आहे, ज्याला हे सगळं सोसावं लागलंय, हे जाणवतं. हेली विल्यम्स स्वतःचा नेहमीचा जोर बाजूला ठेवून गाते. तिच्या चाहत्यांपैकी काहींना ते कमी वाटलं, मला अगदी नेमकं वाटलं.

एलिझाबेथ पॉवेलचा भाग फ्रेंचमध्ये आहे. शब्द कळोत न कळोत, तिचा स्वर माइकच्या स्वराच्या इतका जवळून जातो की काही क्षण दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. गोस्वेलच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. तिचा आवाज ध्वनिमिश्रणात फार मागे ठेवलाय. स्लोडाइव्हच्या संगीतात आवाज असा मागे असणं शोभतं, कारण तिथे सगळंच एका पातळीवर वितळलेलं असतं. इथे मागे ड्रम स्पष्ट, बास स्पष्ट, आणि जिला मुद्दाम बोलावलं तीच धूसर. कित्येक महिने ऐकूनही ही गोष्ट माझ्या अंगवळणी पडली नाही.

'एअर अपॅरंट' (वारसदार) मध्ये लहान मुलांचं समूहगान आहे. अल्बम अमेरिकेतल्या ओमाहा शहरात, जेसन कप या निर्मात्याबरोबर रेकॉर्ड झाला आणि तिथल्याच मुलांचे आवाज घेतले. मुलांचा कोरस रॉकमध्ये बऱ्याचदा रडवण्यासाठी वापरतात, म्हणून काही चाहत्यांनी नाकं मुरडली. पण गाण्याचा विषयच वारसा आहे. आईबापांचं जे नकोसं तेही मुलांकडे जातं. मग ते शब्द मुलांच्या तोंडी आल्यावर अंगावर येतात. इथे बँडचा हिशेब चुकलेला नाही.

माइकच्या आवाजाबद्दल जुन्या मंडळींचं दुःख मला समजतं. एलपी १ मध्ये तो कोवळा, थोडा सूर सोडणारा, घाईत बोलल्यासारखा गायचा. आता तो सुरात आहे, स्थिर आहे, भोवती बराच रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आहे. कुणाला ते गुळगुळीत वाटतं. मला वाटतं चाळिशी ओलांडलेल्या माणसाने विशीतला आवाज काढला असता तर ते खोटं झालं असतं. पहिल्या अल्बममध्ये उन्हाळा संपतो आणि प्रेम संपतं. इथे लग्न आहे, मुलं आहेत, व्यसन आहे, विश्वासघात आहे, आणि यातून उठून निघून जाता येत नाही. चाहतेही वीस वर्षांनी मोठे झालेत. ज्यांनी पहिला अल्बम कॉलेजात ऐकला त्यांच्यातले बरेच जण आज आईबाप आहेत, आणि एलपी ३ ला सगळ्यात मनापासून उत्तर त्यांच्याकडूनच आलं. अगदी तरुण श्रोत्यांना मात्र अजून पहिलाच जवळचा वाटतो.

सगळं छान आहे असं नाही. आठ गाणी, पाऊण तासाच्या थोडं वर, आणि जवळपास सगळ्यांची चाल एकाच मध्यम लयीत. 'डूम इन फुल ब्लूम' नंतरचा टप्पा मला सलग ऐकताना सैल पडतो. 'माइन टू मिस' सुटं ऐकलं तर चांगलं, अल्बमच्या त्या जागी मात्र त्याला सांगायला नवं काही राहिलेलं नसतं. तिथे एखादं छोटं, फक्त वाद्यांचं, चपळ गाणं असतं तर पुढचं 'लाइफ सपोर्ट' अधिक उठून आलं असतं. बँडला असं गाणं करता येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ही उणीव जास्त जाणवते.

ऐकायचा म्हणाल तर फोनच्या स्पीकरवर मुळीच नको. व्हायब्राफोनचा वरचा किणकिणाट तेवढा उरतो, बास नाहीसा होतो आणि सगळी रचनाच कोसळते. चांगल्या हेडफोनवर दोन गिटारी दोन कानांत वेगळ्या पकडता येतात, तुकडे मोजायला तेच बरं. पण ड्रमची खोली मला मोठ्या स्पीकरवरच नीट मिळाली. आवाज जरा वाढवा, कारण अल्बम हळू आवाजात पार्श्वसंगीत होऊन बसतो आणि 'नुसतं धुकं' ही तक्रार तिथूनच येते असा माझा दाट संशय आहे. गाणी उलटसुलट क्रमाने लावू नका. 'सिल्युएट्स' नंतर 'एव्हरी वेव्ह' असंच यायला हवं.

गिटार वाजवणाऱ्यांना एक सांगते. एलपी १ ची गाणी एकट्याने वाजवली तरी ओळखू येतात. एलपी ३ ची नाही येत. एकट्या गिटारीवर इथला भाग अर्धवट, कधी कधी कंटाळवाणाही वाटतो, आणि याच कारणाने गिटारवाल्या चाहत्यांची या अल्बमवर सगळ्यात जास्त नाराजी आहे. दोघा-तिघांनी मिळून बसवून पाहा. एकाने व्हायब्राफोनचा तुकडा कीबोर्डवर धरावा, दुसऱ्याने गिटार, तिसऱ्याने नुसती टाळी देऊन सम दाखवावी. 'सिल्युएट्स' ची पहिली दोन मिनिटं एवढ्यावर उभी राहतात, आणि कुणाचा तुकडा कुणाला कुठे भेटतो ते वाजवताना बोटांनाच कळतं.

ज्यांनी मार्चमध्ये एकदा ऐकून बाजूला ठेवला त्यांनी पुन्हा घ्यावा, आणि या वेळी 'एअर अपॅरंट' पासून सुरुवात करावी. त्यात गिटार पुरेशी पुढे आहे, ड्रम स्पष्ट आहेत आणि बँड कुठून कुठे आलाय ते एकाच गाण्यात ऐकू येतं. ते आवडलं तर मग पहिल्यापासून सलग.