अकुमाजो देन्सेत्सु: जपानी कॅसेट घ्यावी की अमेरिकन?

कॅसलव्हेनिया ३ हा जुना व्हिडिओ गेम (जपानी नाव अकुमाजो देन्सेत्सु) माझ्याकडे दोन्ही रूपांत आहे. अमेरिकन न्यू जर्सीच्या मित्राने दिली, जपानी मी इथे टोकियोत विकत घेतली. दोन महिने आलटून पालटून खेळलो. कुठली घ्यावी असं कुणी विचारलं तर डोळे झाकून जपानी सांगेन.

आधी दाम. अकिहाबाराच्या, म्हणजे टोकियोतल्या गेम-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, एका दुकानात काचेच्या कपाटात, खोक्यासकट, हिची किंमत बघितली आणि गुपचूप जिना उतरलो. नुसती कॅसेट मला उपनगरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात साडेसहा हजार येनला मिळाली, म्हणजे आपले पावणेचार हजार रुपये. त्यातही पाचशे येन कमी केले होते, कारण मागच्या बाजूला कुणा पोराने काळ्या मार्करने स्वतःचं नाव घातलंय. जपानी संग्राहकांना हे चालत नाही. मला चालतं. आम्ही सांगलीत कॅसेटवर ब्लेडने नावं कोरायचो, नाहीतर गल्लीतून परत कोण देतंय!

खोकं आणि पुस्तिका हवी असेल तर खिसा मोकळा करायची तयारी ठेवा. खेळायलाच घेणार असाल तर गरज नाही. हिच्यात सेव्हची (कुठवर खेळलो ते लक्षात ठेवणारी) बॅटरी नाही, त्याऐवजी चित्रांच्या चौकटीचा पासवर्ड आहे. जुनी कॅसेट घेताना हे मी पहिलं बघतो. बॅटरीवाली कॅसेट कधी मान टाकेल याचा भरवसा नाही.

आता खेळ. कोनामी कंपनीने हा १९८९च्या डिसेंबरात जपानात काढला, अमेरिकेत १९९०मध्ये गेला. साल १४७६, हातात चाबूक, ड्रॅक्युलाला मारायचं. जपानी कॅसेटमध्ये नायक राल्फ, अमेरिकनमध्ये तोच ट्रेव्हर. वाटेत तिघे भेटतात, त्यांतला एक सोबत नेता येतो. उडी एकदा मारली की मारली, हवेत दिशा बदलता येत नाही. त्यात मेडुसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत येतात, एक लागलं की तुम्ही मागे ढकलले जाता आणि थेट खड्ड्यात. शिव्या इथेच येतात.

हे दोन्हीकडे सारखंच. फरक मार किती बसतो यात आहे. जपानी आवृत्तीत शत्रूगणिक मार वेगळा: किरकोळ वटवाघूळ थोडं रक्त नेतं, दांडगा गडी जास्त. अमेरिकनमध्ये मार ठरतो तुम्ही किती पुढे पोचलात त्यावर. शेवटच्या टप्प्यांत वटवाघूळ डसलं काय आणि चिलखतवाल्याचा फरसा बसला काय, हिशेब एकच. हे मला अवघड नाही, आडमुठं वाटतं. ग्रँट नावाच्या सोबत्याचं तर पार वाटोळं केलंय. जपानीत तो लांबून सुऱ्या फेकतो, कितीही. अमेरिकनमध्ये त्याला हातभर अंतरावर जाऊन भोसकावं लागतं. भिंतीला नि छताला चिकटून चालणारा इतका कामाचा गडी, मी त्याला अमेरिकनमध्ये दुसऱ्यांदा सोबत घेतलाच नाही. तिथे नावाच्या जागी 'हेल्प मी' लिहिलं की दहा जीव मिळतात. मी लिहिलं. लाज वाटली नाही.

आणि आवाज. जपानी कॅसेटच्या पोटात कोनामीची व्हीआरसी६ ही चिप आहे, तिने मशीनच्या आवाजात आणखी तीन सूर भरले. पहिल्याच टप्प्याची धून लागली की अंगावर येते. फॅमिकॉममध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनमध्ये, आवाज कॅसेटमधून फिरून बाहेर पडतो म्हणून हे जमतं. त्याच मशीनचं अमेरिकन रूप एनईएस, त्याच्या कॅसेटच्या खाचेत ती सोयच नाही, म्हणून तिकडे दुसरी चिप घातली आणि धून सडसडीत झाली. अडॅप्टर लावून जपानी कॅसेट एनईएसवर चालवता येते, पण जादा सुरांसाठी मशीन उघडून डाख द्यावा लागतो.

भाषेची भीती नको. सुरुवातीची गोष्ट आणि सोबत्यांचे चार संवाद जपानीत आहेत, बाकी सगळं हाताचं काम.

मशीन मी १९९३चं नवं फॅमिकॉम वापरतो, कारण जुन्याला नुसती अँटेनाची वायर, याला सरळ एव्ही केबल लागते. भारतात न्यायचं तर १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल, हे विसरू नका.

मी मशीन नेलंच नाही, दिवाळीत फक्त कॅसेट घेऊन सांगलीला गेलो. माळ्यावर आमचा जुना टीव्ही गेम होता, फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या कॅसेटला ६० पिना, हिलाही ६०च (एनईएसला ७२ लागतात). फुंकर मारून घातली, बसली, चालूही झाली! पण आमच्या डब्यात ते तीन सूर आलेच नाहीत. लग्नातल्या बँडमधले क्लॅरिनेटवाले जेवायला गेल्यासारखी धून.

"केवढ्याला घेतलीस?" आईने विचारलं.

सांगितलं.

"पावणेचार हजार? आणि गेम किती हायत हिच्यात?"

"एकच."

"आपली ती पिवळी शंभर गेमांची होती की रे," म्हणाली, आणि फराळाचं ताट ठेवून गेली.