बाक्री, कंडोम की सक्शन? प्रसूतिगृहाच्या कपाटात काय ठेवायचं

कळवा-ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत दहा-पंधरा खाटांची प्रसूतिगृहं पुष्कळ आहेत. मी फिरता भूलतज्ज्ञ, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच ठिकाणचं इमर्जन्सी कपाट आतून पाहिलेलं. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबेना तर गर्भपिशवीत आतून फुगवून दाब द्यायला बलून वापरतात. कुठे त्यातल्या विकतच्या बाक्री बलूनचा सीलबंद खोका वरच्या फळीवर मानाने बसलेला असतो आणि रात्रपाळीला तो लावता येणारं कुणीच नसतं. कुठे विकतचं काही नसतं, पण सिस्टरने फोली कॅथेटरवर (लघवीसाठी घालतात त्या नळीवर) कंडोम बांधून, ईटीओ वायूने निर्जंतुक करून, तारीख घालून ठेवलेला संच ट्रेमध्ये हाताशी असतो. नवीन नर्सिंग होम उघडणारे डॉक्टर विचारतात, "बाक्री घेऊ की कंडोमवर भागेल?" तेव्हा मी आधी उलट विचारतो: तुमची ओटी (ऑपरेशन थिएटर) किती मिनिटांत चालू होते आणि रक्त किती वेळात येतं?

कारण बलून हा पहिला उपाय नाहीच. प्रसूतीनंतर गर्भपिशवी आकुंचन पावली नाही की रक्त वाहतं. त्याला आधी मसाज, पिशवी आकुंचन पावायला लावणारं ऑक्सिटोसिन, सलाईन आणि रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. त्यातलं शेवटचं तीन तासांच्या आत १ ग्रॅम शिरेतून द्यायचं, हे २०१७ मधल्या 'वुमन' चाचणीने वीस हजारांवर बायकांमध्ये तपासलंय. वारेचा तुकडा आत राहिलाय का, गर्भाशयमुख किंवा योनिमार्ग फाटलाय का, हे नीट उजेडात बघायचं. फाटलेल्या जागी बलून फुगवून बसलात तर वरून टापटीप आणि खालून धार चालूच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नॉर्मल डिलिव्हरीनंतरच्या ॲटोनिक, म्हणजे गर्भपिशवी सैल राहिल्याने होणाऱ्या, रक्तस्रावात बलूनची शिफारस केली, पण अटी घालून: औषधोपचार रोजच्या सवयीचे असावेत, इतर कारणं वगळलेली असावीत, माणसं शिकलेली असावीत, बाईवर सतत लक्ष असावं आणि शस्त्रक्रिया व रक्त लगेच मिळावं. या यादीत बलून कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न कुठेच नाही.

आता बाक्री. डॉ. बाक्री यांनी २००१ मध्ये वर्णन केलेला हा सिलिकॉनचा बलून २४ फ्रेंचच्या (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळीवर बसवलेला असतो आणि त्यात ५०० मिलीपर्यंत निर्जंतुक सलाईन भरता येतं. हवा कधीच भरायची नाही. पैसे मोजावेत अशी त्याची खरी खुबी टोकाला आहे. नळीत दुसरा मार्ग असतो, तो बलूनच्या वर उघडतो. बलूनवर साचणारं रक्त त्या वाटेने बाहेर जोडलेल्या पिशवीत उतरतं आणि तुम्हाला दिसतं. रात्री अडीच वाजता पेशंटजवळ बसलेल्या सिस्टरला पिशवीकडे पाहूनच कळतं की स्राव थांबलाय की नाही. सिझेरियनमध्येही तो सोयीचा: स्टॉपकॉक (नळीची तोटी) काढून नळी वरच्या चिरेतून खाली सोडायची, खालून मदतनिसाने ओढून घ्यायची, टाके घालून झाल्यावरच बलून भरायचा. टाके घालताना सुई बलूनला लागली तर आयात माल एका क्षणात वाया. किंमत हजारांत जाते. देशी बनावटीचे बलून बरेच स्वस्त मिळतात, पण घेताना निचऱ्याची नळी खरंच आहे का ते खोका उघडून बघा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

कंडोम-कॅथेटर ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केला. २००३ मधल्या त्यांच्या लेखात २३ बायका होत्या आणि सगळ्यांचा रक्तस्राव पंधरा मिनिटांत आटोक्यात आला. साहित्य काय, तर कंडोम, फोली, दोरा, सलाईन. पण ऐन वेळी हे सगळं गोळा करणं म्हणजे काय ते लेबर रूममध्ये उभं राहिल्याशिवाय समजत नाही. दोरा घट्ट आवळला तर फोलीची नळीच चिमटली जाते आणि सिरिंज पुढे सरकत नाही. सैल राहिला तर भरलेलं पाणी मागून गळतं. ५० मिलीच्या सिरिंजने ३०० मिली भरायचे तर सहा खेपा, प्रत्येक वेळी मध्ये चिमटा लावायचा. त्यापेक्षा सलाईनची बाटली टांगून आयव्ही सेटने थेट सोडलेलं बरं. आणि लक्षात घ्या, इथे फोलीचं टोक कंडोमच्या आत असतं. बलूनच्या वर साचलेल्या रक्ताला बाहेर यायला वाट नाही. खाली पॅड कोरडं दिसतं आणि गर्भपिशवी वर वर चढत जाते. म्हणून कंडोम लावला की पोटावर पेनाने गर्भपिशवीची रेघ मारा आणि नाडी भागिले वरचा रक्तदाब असा भागाकार करत राहा. ०.९ च्या वर गेला की पॅड कितीही कोरडं असो, काहीतरी बिनसलंय. नाडी ११०, प्रेशर १००, म्हणजे १.१. हे गणित मोबाइलशिवाय जमतं.

लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या बाईला कंडोम चालत नाही, बाक्री चालतो. असे पेशंट कमी, पण एकदा विचारून ठेवा.

मग कंडोम स्वस्त म्हणून सगळीकडे ठेवावा का? इथे पुरावा जरा टोचतो. बेनिन आणि मालीत ११६ बायकांवर झालेल्या चाचणीत मिसोप्रोस्टॉल या आकुंचनाच्या औषधाला कंडोम बलूनची जोड देऊन फायदा दिसला नाही, उलट त्या गटात मृत्यू जास्त झाले. युगांडा, इजिप्त आणि सेनेगलमधल्या अभ्यासात, २०१९ मध्ये छापलेल्या, कंडोम बलून सुरू केल्यावर रक्तस्रावामुळे होणारी मोठी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं प्रमाण दर दहा हजार प्रसूतींमागे ६.७ वरून ११.६ वर गेलं. रबर वाईट होतं असं मला वाटत नाही. माझा तर्क असा की बलून लावला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि पोट उघडायचा किंवा पुढे पाठवायचा निर्णय तासभर पुढे ढकलला जातो. बलून भरल्यावर पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर उत्तर मिळालेलं आहे: ओटी.

सक्शन हा तिसरा पर्याय, आणि मला तो जास्त पटतो. बलून आतून ढकलतो, सक्शन गर्भपिशवीला आत ओढून आकुंचन पावायला लावतं, म्हणजे शरीर जे करू पाहतंय त्याच दिशेने. 'जेडा' या उपकरणाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. ८० मिमी पाऱ्याच्या आसपास हलकं सक्शन. शंभरावर बायकांच्या अभ्यासात ९४ टक्क्यांमध्ये रक्तस्राव आटोक्यात आला, साधारण तीन मिनिटांत. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. आपल्याकडे डॉ. पणिकर यांची कॅन्युला (गर्भपिशवीत घालायची सक्शनची नळी) भिंतीवरच्या नेहमीच्या सक्शनवर चालते आणि पुन्हा निर्जंतुक करून वापरता येते. अट एकच, वीज गेली तर चालणारं सक्शन हवं. पावसाळ्यात दिवे गेले की जनरेटर घेईपर्यंतची मिनिटं कोणाची, हे आधी ठरवा.

नुसत्या फोलीचा फुगा ३० ते ५० मिलीचा. वार खाली असलेल्या बाईच्या गर्भपिशवीच्या खालच्या भागातला थोडा रक्तस्राव दाबायला कधी चालतो, अख्ख्या गर्भपिशवीला तो पुरत नाही.

महाधमनीत घालायच्या बलूनबद्दलही हल्ली विचारणा होते. मांडीतल्या रोहिणीतून ७ फ्रेंचच्या नळीने वर नेऊन धमनी आतून बंद करायची ही युक्ती अपघाताच्या रुग्णांसाठी. तिची ब्रिटनमधली चाचणी २०२३ मध्ये आली: ९० रुग्णांत बलूनच्या गटात ९० दिवसांत ५४ टक्के गेले, नेहमीच्या उपचारात ४२ टक्के. वार गर्भपिशवीत रुतलेल्या बाईच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत मोठ्या रुग्णालयात रेडिओलॉजिस्टच्या हातात ती उपयोगी पडू शकते. नर्सिंग होमने यात पैसे घालू नयेत, पेशंट आधीच पुढे पाठवावा.

माझं ठरलेलं उत्तर आता सांगतो. वाशी, ठाणे, पनवेल अशा ठिकाणी ओटी चालू, भूलतज्ज्ञ अर्ध्या तासात आणि रक्तपेढी त्याच रस्त्यावर असेल तर निचऱ्याची नळी असलेला एक बलून आणि पणिकर कॅन्युला. दोन बाक्री घेऊन एकाची मुदत संपू देण्यापेक्षा हे बरं. शहापूर-मुरबाडकडचं केंद्र, जिथून बाई पन्नास किलोमीटरवर ठाण्याला पाठवायची, तिथे तयार बांधलेला कंडोम संच आणि अँटी-शॉक गारमेंट (पाय आणि पोट आवळून धरणारा पोशाख). १०८ ला फोन बलून भरताना लावायचा, भरून झाल्यावर नाही. माजिवड्याला अडकलेल्या रुग्णवाहिकेत पुन्हा भरायला सलाईन आणि सिरिंज बरोबर द्या.

आणि पैसे उरले तर मोजमापाच्या ड्रेपवर, म्हणजे बाईखाली अंथरून सांडलेलं रक्त मोजायच्या प्लास्टिकवर, घाला. नजरेने रक्ताचा अंदाज नेहमी कमीच होतो. खुणा असलेली पिशवी बसवलेला ड्रेप आपल्या शेजारच्या बेळगावच्या जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधनात वापरात आला, तोही आफ्रिकेत गाजण्याच्या कितीतरी आधी. २०२३ च्या ई-मोटिव्ह चाचणीत चार आफ्रिकी देशांतल्या दोन लाखांवर प्रसूतींमध्ये असा ड्रेप आणि सगळे पहिले उपचार एकत्र दिल्यावर गंभीर परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी उतरलं. त्यात बलून हा मुख्य घटक नव्हता.

बलून काढणं चोवीस तासांच्या आत, दिवसा, ओटीचा स्टाफ हजर असताना. आधी अर्धं पाणी काढा, थांबा, पिशवी आणि पॅड बघा, मग उरलेलं.