क्रूझ बुकिंगवर एजंटचा रिबेट आणि ऑनबोर्ड क्रेडिट: चौदा महिने, दोन ट्रिपा, तिसरं बुकिंग

आमची नागपूरच्या त्रिमूर्ती नगरची भिशी, आठ जणी. २०२४च्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं तेव्हाच ठरलं की या वर्षी सगळ्यांनी नवऱ्यांसकट सिंगापूरहून क्रूझवर जायचं, चार रात्री, पेनांग आणि फुकेत. हिशोब माझ्याकडे आला कारण मी बँकेत बावीस वर्षं काढलीत. तेव्हापासून आतापर्यंत दोन ट्रिपा झाल्या, तिसरी बुक आहे, आणि या एजंट लोकांच्या रिबेट आणि क्रेडिटच्या भानगडीत मी इतका वेळ घातला की आता ओळखीतलं कुणीही क्रूझचं नाव काढलं की मलाच फोन येतो. म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवते.

आधी हे पैसे येतात कुठून ते बघा, कारण ते कळलं की बाकी सगळं सोपं जातं. क्रूझ लाईन, म्हणजे जहाजाची कंपनी, एजंटला कमिशन देते, साधारण १० ते १६ टक्के, मोठ्या एजन्सीला जास्त. एजंट त्यातला थोडा हिस्सा आपल्याला परत देतो, कधी बिलात कमी करून, कधी नंतर खात्यात टाकून, आणि बहुतेक वेळा ऑनबोर्ड क्रेडिट म्हणून, म्हणजे जहाजावर तुमच्या केबिनच्या खात्यात तेवढे डॉलर आधीच जमा असतात. म्हणजे जहाजावाले उदार झाले असं नाही, तो एजंटच्या कमिशनचाच तुकडा आहे. काही लाईन्स एजंटला त्यांच्यापेक्षा कमी भाव जाहिरातीत दाखवूच देत नाहीत, म्हणून वेबसाईटवर सगळीकडे सारखाच भाव दिसतो आणि फरक फोनवर विचारल्यावरच कळतो. न विचारता कुणी सांगत नाही, हे लक्षात ठेवा.

तर आम्ही दोन ठिकाणी विचारलं. धरमपेठेतला एक एजंट म्हणाला, "ताई, केबिनमागे शंभर डॉलर क्रेडिट देतो, इतकं कोणीच देणार नाही." आणि मुंबईचा एक, फोनवरचाच, तो म्हणाला आठ टक्के बिलात कमी करतो. केबिनचं बिल दोघांचं मिळून १२४० डॉलर. मी लगेच आठ टक्के काढले, ९९ डॉलर वीस सेंट, म्हटलं दोन्ही सारखंच आहे, मग आपल्या गावचा माणूस काय वाईट, काही झालं तर जाऊन बसता तरी येते समोर. आमच्या जोशी काकू तर लगेच म्हणाल्या घरचाच बरा.

पण आठ टक्के १२४०वर नव्हतेच. क्रूझच्या बिलात खरं भाडं वेगळं असते, ज्यावर कमिशन मिळते, मग एक नॉन-कमिशनेबल भाग, म्हणजे ज्यावर एजंटला काही मिळत नाही, तो असतो, आणि मग पोर्टचे चार्जेस आणि टॅक्स. आमच्या बिलात ते ९००, १२० आणि २२० असं होतं. एजंटला कमिशन फक्त ९००वर, म्हणून त्याचे आठ टक्केही ९००वरच, म्हणजे ७२ डॉलर. सरळ २७ डॉलरचा फरक, आणि हे त्यानं विचारल्याशिवाय सांगितलं नाही, खोटं पण बोलला नाही म्हणा. इतवारीत साडी घेताना आपण जसं विचारतो की सूट छापील भावावर का बोललेल्या भावावर, तसं इथं पहिला प्रश्न हाच विचारायचा, टक्के कशावर.

मग १०० विरुद्ध ७२, म्हणून आम्ही धरमपेठेतलं घेतलं. चुकलंच ते, का ते सांगते.

जहाजावर रोजची ग्रॅच्युइटी लागते, टिप म्हणा, ती आपोआप खात्यावर चढते. रॉयल कॅरिबियनवर आम्ही गेलो तेव्हा साध्या केबिनला माणशी दिवसाला साडेअठरा डॉलर होती. दोघांचे चार रात्रींचे १४८ झाले. काउंटरवर सांगून ती कमी-जास्त करता येते, पण त्या लोकांनी जी सेवा केली ती बघता द्यावीच. आता क्रेडिट १०० आणि ग्रॅच्युइटी १४८, म्हणजे क्रेडिट तिथंच आपसूक वळतं झालं असतं, खिशातून फक्त ४८ गेले असते, एक डॉलर वाया नाही. पण आमच्या एजंटनं "तिकडे कटकट नको" म्हणून ग्रॅच्युइटी आधीच बिलात घेतली होती, प्रीपेड. मला ते तेव्हा चांगलंच वाटलं होतं. परिणाम असा की जहाजावर चढलो तेव्हा देणं काहीच नव्हतं आणि शंभर डॉलर प्रत्येक केबिनला खर्च करायचेच होते, कारण ते नॉन-रिफंडेबल निघाले, शेवटच्या रात्रीपर्यंत वापरा नाहीतर गेले. कॅसिनोतही चालत नव्हते, आमच्यातल्या दोघांनी विचारून पाहिलं.

आता आम्ही सोळांपैकी बारा जण दारू पिणारे नाही. स्पा आमच्या बायकांना नको होता. ड्रिंक्स आणि स्पेशल रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के आणखी लागतात, म्हणजे शंभराचं क्रेडिट असलं तरी माल पंच्याऐंशीचाच येतो. वायफाय घ्यावं म्हटलं तर तेच पॅकेज निघण्याआधी ऑनलाईन घेतलं असतं तर स्वस्त होतं, आणि आमचं क्रेडिट आधी ऑनलाईन चालत नव्हतं, जहाजावर चढल्यावरच. वरून दुकानं जहाज बंदरात उभं असताना बंद असतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. फुकेतला उतरल्या नाहीत अशा दोघी दुपारभर दुकान उघडायची वाट पाहून राहिल्या होत्या. शेवटच्या रात्री दुकानात ही गर्दी, लोक घड्याळं, परफ्युम, टी-शर्ट जे हाती लागेल ते घेऊन राहिलेले. आमच्या केबिनचे ३८ उरले होते, त्याचे फोटो घेतले. फोटो छान आहेत, हॉलमध्ये लावलेत, पण मी ते स्वतःहून ३८ डॉलरला घेतले नसते.

तर माझा हिशोब असा झाला की बिलातले ७२ हे खरे ७२ होते, आणि आमचे १०० म्हणजे मनासारख्या वस्तूंचे जेमतेम ५०-६०. त्यात अजून एक गोष्ट. बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि परदेशी पॅकेज म्हणून टीसीएस वेगळा, म्हणजे एजंट आपल्याकडून घेऊन आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो तो आगाऊ इन्कम टॅक्स. सूट बिलातच दाखवली असेल तर हे दोन्ही कमी रकमेवर लागतात. क्रेडिट मिळालं किंवा नंतर कॅशबॅक मिळाला तर टॅक्स पूर्ण रकमेवर भरून झालेला असतो.

टीसीएसवरून आठवलं, ग्रुपमध्ये जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. मी सगळ्यांचे पैसे माझ्या खात्यात घेऊन एकदम भरणार होते, सोपं पडते म्हणून. आठ केबिन, ग्रॅच्युइटी धरून ९ लाखांच्या वर होत होते. तेव्हा नियम होता की एका वर्षात एका माणसाचं ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के. माझ्या पॅनवर गेलं असतं तर वरच्या दोन लाखांहून जास्त रकमेवर २० टक्के कापले असते. आमच्या सीएनं वेळेवर सांगितलं म्हणून प्रत्येकीनं आपल्या घरच्या पॅनवर वेगळं भरलं. १ एप्रिल २०२५पासून ती मर्यादा १० लाख झाली होती, हे नियम बदलत राहतात म्हणून भरताना विचारून घ्या, पण वेगळं भरायचं हे तरीही बरंच. टीसीएस बुडत नाही, पॅनवर जमा झालेला टॅक्स दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि रिटर्नमध्ये परत मागता येतो, आमचा आला, पण तोवर महिनोन्‌महिने पैसे अडकतात.

आणि ग्रुपचं सगळ्यात मोठं म्हणजे फुकट बर्थ. बऱ्याच लाईन्समध्ये ८ केबिन म्हणजे १६ लोक झाले की ते ग्रुप बुकिंग धरतात आणि सोळांमागे एका माणसाचं भाडं सोडून देतात. टॅक्स आणि पोर्ट चार्ज त्यात नाही, फक्त भाडं, आणि केबिनमधला तिसरा-चौथा माणूस त्या सोळात मोजत नाहीत. हे पैसे एजंटकडे जातात आणि ते कुणाला द्यायचे ते तो ठरवतो. आमच्या केसमध्ये एका माणसाचं भाडं ४५० डॉलर, आठ केबिनमध्ये वाटलं असतं तर प्रत्येकी ५६ डॉलर. मला हे कळलं परत आल्यावर, मुंबईच्या त्याच फोनवाल्याकडून. मी धरमपेठेत जाऊन विचारलं. तो आधी म्हणाला असं काही नसते, मग म्हणाला असते पण ते ऑफिसच्या खर्चात जाते. मी भांडले नाही, पण मला ते खरंच लागलं, कारण ही आम्हा आठ मैत्रिणींची बचत होती, त्यातल्या दोघी पेन्शनवर आहेत, आणि शंभर डॉलर क्रेडिट देतो म्हणताना त्यातले निम्म्याहून जास्त तो आमच्याच या पैशातून देऊन राहिला होता. मैत्रिणींना घरी बोलावून मी हे सगळं समोर मांडलं. काकू म्हणाल्या, "जाऊ दे बाई, ट्रिप छान झाली ना." ट्रिप छान झाली हे खरंच आहे, पेनांगचा दिवस तर आम्ही अजून काढतो बोलण्यात.

दुसरी ट्रिप २०२५च्या मे मध्ये. मुलगा जर्मनीत शिकायला आहे, त्याला भेटायचं आणि तिघांनी बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ करायची, नेपल्स, रोमजवळचं चिवितावेक्किया वगैरे. यावेळी सगळं शिकून गेले होते असं वाटलं. आधी अमेरिकेतल्या एका ऑनलाईन एजन्सीचं बघितलं, त्यांचं क्रेडिट इथल्यापेक्षा बरंच मोठं दिसते, पण पत्ता नागपूरचा टाकला की बुकिंग पुढं जाईना. काही लाईन्स तुम्ही राहता त्या देशाच्या एजंटकडूनच घ्यायला लावतात. खोटा पत्ता टाकायचा सल्ला एकानं दिला, मी तो घेतला नाही, पासपोर्टवर एक आणि बुकिंगवर दुसरं असं प्रवासात नको बाप्पा.

मग पुण्याच्या एका एजंटकडून घेतलं, १५० डॉलर क्रेडिट, ग्रॅच्युइटी प्रीपेड नको म्हणून स्पष्ट सांगितलं. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं त्यानं. जहाजावर पहिल्या दिवशी ॲपमध्ये बघते तर क्रेडिट शून्य. काउंटरवर गेले, ती मुलगी अगदी अदबीनं म्हणाली की आमच्या सिस्टीममध्ये तुमच्या बुकिंगवर काहीच नाही, एजंटला विचारा. एजंटला मेसेज केला तेव्हा भारतात रात्र, दुसऱ्या दिवशी रविवार. तो म्हणाला टाकायचं राहिलं, आता जहाज निघाल्यावर टाकता येत नाही, परत आल्यावर देतो. दिले, पाच आठवडे आणि अकरा फोननंतर, यूपीआयनं, ते पण डॉलरचा भाव त्यानं त्याच्या मनानं धरला. तोवर आमची ग्रॅच्युइटी कार्डावर गेली होती, बहुतेक कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जास्तीचा आकार, लागतो, तो वेगळा. क्रेडिट डॉलरमध्येच असते म्हणून तेवढा मार्कअप वाचायला हवा होता, तोही गेला.

यातून कळलं की व्हॉट्सॲपचा शब्द पुरत नाही. एजंटनं क्रेडिट खरंच टाकलं असेल तर ते क्रूझ लाईनच्या स्वतःच्या कन्फर्मेशनवर वेगळ्या ओळीत दिसते. मी आता पूर्ण पैसे भरायच्या आधीच ते कन्फर्मेशन मागते, एजंटच्या लेटरहेडवरचं नाही, लाईनचं. आणि त्यात क्रेडिट केबिनमागे आहे का माणशी हे पण वाचते, कारण बोलताना लोक माणशी म्हणतात आणि कागदावर केबिनमागे निघते, जवळजवळ नेहमीच. रिफंडेबल लिहिलं असेल तर उत्तम, उरलेले शेवटी कार्डावर परत येतात.

त्याच जहाजावर एक चांगली गोष्ट झाली ती पण सांगायला पाहिजे. तिथं पुढच्या क्रूझचं डिपॉझिट भरायचं काउंटर असते, तिथं बुक केलं की लाईन स्वतःचं क्रेडिट देते. मला वाटायचं की तिथं घेतलं तर एजंटचा रिबेट सुटला, पण तसं नाही, तिथंच विचारतात की एजंटचं नाव टाकायचं का. मी मुंबईच्या आठ टक्केवाल्याचं दिलं. त्यामुळे लाईनचं क्रेडिट पण मिळालं आणि त्याचे आठ टक्के बिलात पण. थेट केलेलं बुकिंग नंतर एजंटकडे ट्रान्सफर करता येते, पण ठरावीक दिवसांतच आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी, तेव्हा उशीर करू नका.

ते तिसरं बुकिंग म्हणजे परत सिंगापूर, येत्या मार्चमध्ये, यावेळी सासूबाई पण येणार आहेत. बिलात सूट घेतलीय, ग्रॅच्युइटी जहाजावरच भरायची ठेवलीय, म्हणजे लाईनचं क्रेडिट त्यातच जाईल. मागच्या आठवड्यात वेबसाईटवर आमच्याच केबिनचा भाव ६० डॉलरनं उतरलेला दिसला. फायनल पेमेंट व्हायचं होतं म्हणून एजंटला लगेच फोन केला, त्यानं नवीन भावात बुकिंग बदलून दिलं, आठ टक्के आता कमी भाड्यावर बसले म्हणून सूट चार डॉलर ऐंशी सेंटनं घटली, बाकी ५५ वाचले. नवीन कन्फर्मेशन आलंय, लाईनचं क्रेडिट त्यात तसंच आहे, मी दोनदा बघितलं.