सर्टिफिकेट आपोआप नवं करायचं: पोर्ट ८० वरून की डीएनएसवरून?

वरुडची शेतकरी उत्पादक कंपनी असो की आर्णीची जिनिंग, वेबसाइटचं सर्टिफिकेट (साइट खरी आणि जोडणी सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारी फाइल) वर्षातून एकदा विकत घेऊन डेव्हलपरकडून चढवून घ्यायचं, ही पद्धत आता चालणार नाही. १५ मार्च २०२६ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याची मेल पाठवणं त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केलं. म्हणजे काम मशीनवर सोपवावंच लागेल. प्रश्न एवढाच, की डोमेन आपलं आहे हे सिद्ध कसं करायचं.

साइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर असेल आणि होस्टिंगवाला सर्टिफिकेट स्वतःच नवं करत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. आहे ते राहू द्या.

स्वतःचा सर्व्हर असेल तर पहिला पर्याय एचटीटीपीचा. सर्टिफिकेट आपोआप आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवतो आणि सर्टिफिकेट देणारी संस्था पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारातून, ती वाचून जाते. डीएनएसला, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं हे सांगणाऱ्या नोंदवहीला, हात लागत नाही, कुठली किल्ली सांभाळावी लागत नाही. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर एकच साइट असेल तर मी हाच घेईन. मात्र ही तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून होते. सुरक्षेसाठी कोणी परदेशी आयपी बंद करून ठेवले असतील तर ती फसते.

आणि सर्व्हर गावातच, ऑफिसच्या कपाटाशेजारी असेल तर? मोबाइल राउटरवर किंवा बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. बाहेरून आलेली विनंती तुमच्या मशीनपर्यंत पोचतच नाही. इथे डीएनएसची पद्धत कामी येते: मशीन डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘अंडरस्कोर ॲकमी-चॅलेंज’ नावाची टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद टाकतं आणि संस्था ती नोंद वाचते. मशीनला फक्त बाहेर जाणारं इंटरनेट पुरतं. त्यामुळे जिनिंगच्या आतल्या नेटवर्कवरच्या काट्याच्या कॉम्प्युटरलाही खरं सर्टिफिकेट मिळतं. सगळ्या सबडोमेनसाठी एकच वाइल्डकार्ड सर्टिफिकेट हवं असेल, तर लेट्स एन्क्रिप्टकडे हीच वाट आहे.

लाइन जाण्याची भीती दोन्हीकडे सारखीच, आणि फारशी नाही. सर्टबॉट मुदतीचा साधारण एक तृतीयांश काळ उरला की प्रयत्न सुरू करतो. दोन दिवस अंधार झाला तरी बिघडत नाही.

डीएनएसची खरी किंमत वेगळी आहे. नोंद टाकायला मशीनवर एपीआय किल्ली (प्रोग्रामला डीएनएस बदलू देणारा गुप्त संकेत) ठेवावी लागते, आणि ती बहुधा पूर्ण डोमेनवर चालते. ज्याच्या हाती लागेल तो तुमची मेल वळवेल, साइट दुसरीकडे नेईल. ज्या खोलीत हमाल, व्यापारी, अडते सगळेच ये-जा करतात तिथल्या मशीनवर अशी किल्ली ठेवू नये.

यावर तोड सीनेमची, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या डीएनएस नोंदीची. मुख्य डोमेनच्या ॲकमी-चॅलेंज नावावर एकदाच सीनेम नोंद टाकून ते नाव दुसऱ्या, बिनमहत्त्वाच्या डोमेनकडे वळवायचं आणि मशीनला त्या दुसऱ्या डोमेनचीच किल्ली द्यायची. ॲकमी डॉट एसएच या सर्टबॉटसारखंच काम करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘चॅलेंज-एलियस’ हा पर्याय आहे. मांडणीला एक दुपार जास्त लागते, पण गावातल्या सर्व्हरसाठी माझं मत यालाच.

सीनेमचा आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष. अनेकदा डोमेन नागपूर-अमरावतीच्या डेव्हलपरच्या खात्यात पडलेलं असतं आणि तो पासवर्ड द्यायला तयार नसतो. त्याच्याकडून ती एक नोंद टाकून घेतली, की नूतनीकरणासाठी त्याच्या मागे लागावं लागत नाही. (डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्याच, पण तो वेगळा वाद.)

कुठलीही पद्धत घ्या, पहिला प्रयोग लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणी सर्व्हरवर करा. खऱ्या सर्व्हरवर एका नावाची तपासणी तासात पाच वेळा फसली की पुढचे प्रयत्न थांबवले जातात.