विणकामाची पुस्तकं: नाताळच्या सुट्टीत जमवली, वर्षभर वापरली

विणकामाचं पुस्तक विकत घेताना मी आता एकच गोष्ट बघते. सुया हातात नसताना, पांघरुणात बसून ते वाचावंसं वाटतं का? नुसते फोटो आणि खाली ओळीमागून ओळ सूचना, असं पुस्तक एक स्वेटर होईपर्यंत उपयोगी पडतं, मग फडताळात धूळ खातं. टाके इथेच का वाढवायचे, मुंढा एवढाच का घ्यायचा, हे ज्यात समजावून सांगितलेलं असतं ते मात्र पुन्हा पुन्हा उघडलं जातं.

आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतो. इथे नाताळच्या सुट्टीत बर्फामुळे घरातच बसणं होतं, म्हणून मागच्या डिसेंबरात त्या आठवड्यासाठी काही पुस्तकं जमवली. काही नवी, काही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. आता पुन्हा थंडी सुरू होतेय आणि ती सगळी वापरून झाली आहेत.

सगळ्यांत जास्त हाताळलेलं पुस्तक एलिझाबेथ झिमरमन यांचं ‘निटर्स अल्मनॅक’ (१९७४). झिमरमन मूळच्या इंग्लंडच्या, पण आयुष्याचा मोठा काळ याच राज्यात, पिट्सव्हिलजवळच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहिल्या. पुस्तक छोटंसं, वर्षाच्या बारा महिन्यांचे बारा भाग. जानेवारीत वेण्यांचा आरन स्वेटर, फेब्रुवारीत बाळाचे कपडे, मे महिन्यात पुढच्या थंडीचे हातमोजे, डिसेंबरात ऐनवेळी उरकायचा स्वेटर. फेब्रुवारीचा भाग वाचताना मला आपला बाळंतविडाच आठवला. कुणाकडे बाळ येणार म्हटलं की सुया काढायच्या, ही रीत तिथेही तशीच.

पण खरा ऐवज जुलैच्या भागात आहे. ती गोल शाल. सुरुवात ९ टाक्यांनी. पुढच्या फेरीत दुप्पट, १८. तीन फेऱ्या साध्या विणायच्या, मग ३६. सहा फेऱ्या, मग ७२. बारा फेऱ्यांनंतर १४४, चोवीसनंतर २८८, अठ्ठेचाळीसनंतर ५७६. शाळेतल्या भूमितीत शिकलेलंच हे: वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणून टाके एका फटक्यात दुप्पट करायचे आणि पुढे तेवढंच अंतर निवांत विणत जायचं. दोन वाढींच्या मधल्या पट्ट्यात जी जाळीची वीण आवडेल ती बसवा, शाल सपाटच पडते. मी मधल्या पट्ट्यात पानांची जाळी घेतली आणि शेवटचा मोठा पट्टा नुसता सुलट ठेवला. नमुना समोर न धरता एवढं मोठं काम मी पहिल्यांदाच पूर्ण केलं आणि त्याचा आनंद अजून टिकून आहे.

त्यांचंच ‘निटिंग विदाउट टिअर्स’ (१९७१) आधी वाचलं असतं तरी चाललं असतं. आधी छोटा तुकडा विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजा, हा त्यातला आग्रह. त्या मापावरून टक्केवारीने अख्खा स्वेटर बेतायचा. छाती ४० इंच, इंचाला ५ टाके, म्हणजे अंगाला २०० टाके. हे शंभर टक्के धरायचे. मनगटाला त्याचे २० टक्के, ४०. दंडाला साधारण एक तृतीयांश, ६६. गळ्याशी ४० टक्के, ८०. नवऱ्याचा स्वेटर मी याच हिशेबाने केला आणि तो अंगात छान बसला. लोकर कुठलीही असो, सुई कुठलीही असो, हिशेब तोच.

सुयांवरून एक सांगायलाच हवं, कारण पुण्याहून मावशीने दिलेल्या सुया मी इथल्या पुस्तकांबरोबर वापरते. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबरची ४ मिमी, १० नंबरची सव्वातीन मिमी. अमेरिकन नंबर उलटे चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमी. अमेरिकन पुस्तकात ‘८ नंबर’ लिहिलं असेल तर आपली ६ नंबरची घ्यायची. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर हे मिलिमीटरसकट लिहून ठेवा.

बार्बरा वॉकर यांचा ‘ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स’ (१९६८) म्हणजे विणींचा कोश. पाचशेच्या वर विणी, प्रत्येकीचा कृष्णधवल फोटो, नाव आणि दोन-चार ओळी. त्या दोन-चार ओळींसाठीच मी रात्री हे पुस्तक घेऊन बसते. सूचना सगळ्या शब्दांत, तक्ते (चौकटींत चिन्हं मांडून दाखवलेली वीण) नाहीत; ज्यांना तक्ते वाचायचा कंटाळा आहे त्यांना हेच सोयीचं. माझी प्रत मात्र उघडी राहत नाही, दोन्ही बाजूंना चिमटे लावावे लागतात.

याच्या अगदी उलट हितोमी शिदा यांचा जपानी विणींचा संग्रह. इंग्रजी आवृत्ती २०१७ ची, २६० विणी, सगळ्या चिन्हांच्या तक्त्यांत. चिन्हं एकदा डोक्यात बसली की शब्दांची गरजच उरत नाही. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, सुई चालते तशीच. विणी देखण्या, पण सोप्या नाहीत. एकाच तक्त्यात वेणी, जाळी आणि गाठी एकत्र येतात. रात्री थकल्यावर हा घेऊ नये, सकाळच्या उजेडात घ्यावा.

रिचर्ड रट यांचा विणकामाचा इतिहास (१९८७) वाचनालयातून आणला. लेस्टरचे बिशप असलेला माणूस स्वतः विणायचा आणि एवढ्या कसोशीने पुरावे तपासायचा, हे वाचताना मला फार आदर वाटला. १५८९ मध्ये विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र काढलं, तो भाग तर दोनदा वाचला. पण भर ब्रिटनवर आहे, आपल्याकडच्या विणकामासाठी हे पुस्तक घेऊ नये.

फॅशनच्या नमुन्यांची दोन चकचकीत पुस्तकंही घेतली होती. त्यांतली लोकर आता बाजारात मिळत नाही आणि ती न मिळाल्यास काय करायचं, हे लिहिलेलं नाही. ती मी देऊन टाकली.

एकच घ्यायचं असेल तर ‘अल्मनॅक’ घ्या, ते आकाराने लहान आहे, भारतात कुणाबरोबर पाठवायलाही सोपं. सुलट-उलट पक्कं असेल आणि तक्त्यांची भीती नसेल तर दुसरं शिदांचं. वॉकर यांचं जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याकडून पानं पूर्ण आहेत का ते आधी विचारून घ्या; माझ्या पहिल्या प्रतीत वेण्यांच्या भागातली पानंच फाडलेली निघाली आणि ती परत करण्यात सुट्टीचे चार दिवस गेले.